द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये लीन: क्रेट कुठे थांबते ते आधी मोजा

घड वेलीवरून कापला की त्याला मुळाकडून येणारे पाणी बंद होते. मण्याची साल बरीच तग धरते, देठ धरत नाही. तो आधी सुकतो, मग तपकिरी होतो. काही आठवड्यांनी युरोपातल्या बंदरावर बॉक्स उघडला की खरेदीदाराची नजर पहिल्यांदा देठावरच जाते. त्या देठाचे भवितव्य जहाजात नाही, निफाड-दिंडोरीच्या पॅकहाऊसमध्ये पहिल्या काही तासांत ठरते. निर्यातीच्या द्राक्षाचे प्रीकूलिंग, म्हणजे साठवणीआधी पंख्याने थंड हवा खेचून माल झटपट गार करणे, काढणीनंतर ४ ते ६ तासांच्या आत सुरू व्हावे, असा दंडक आहे तो यासाठीच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये माल तुंबला की नेहमीचा उपाय म्हणजे आणखी माणसे, आणखी टेबले, जमल्यास आणखी एक कोल्ड रूम. बहुतेक वेळा पैसा चुकीच्या जागी जातो. क्रेटला हात लागलेला वेळ थोडा असतो आणि थांबलेला वेळ फार. थांबणे कमी करायला यंत्र लागत नाही, मोजमाप लागते. थांबणे आणि वाया जाणे शोधून कमी करायच्या या पद्धतीलाच लीन म्हणतात. खालची पद्धत रोज १० ते १२ टन माल घेणाऱ्या पॅकहाऊसला धरून दिली आहे. हिशेबातले आकडे नमुन्याचे आहेत, त्यांच्या जागी आपले घाला.

एका क्रेटच्या मागे चाला

पहिले दोन दिवस काहीही बदलू नका. दिवसाला १२ क्रेट निवडा: पहिल्या गाडीतल्या ४, मधल्या ४, शेवटच्या ४. प्रत्येकीला रंगीत फीत बांधा आणि एक कार्ड अडकवा. कार्डावर या वेळा लिहायच्या: घड कापला, गाडी प्लॉटवरून निघाली, काट्यावर वजन झाले, टेबलावर क्रेट आली, टेबलावरून उठली, पनेट (बॉक्समध्ये बसणारी प्लॅस्टिकची छोटी डबी) भरले, बॉक्स झाला, बॉक्स प्रीकूलिंगच्या खोलीत गेला, पंखा सुरू झाला. क्रेट रिकामी झाल्यावर कार्ड तिच्याबरोबर परत जाते आणि नोंद तिथेच तुटते. म्हणून टेबलावरच कार्ड काढून त्या मालाच्या बॉक्समध्ये टाका.

शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची आहे. बॉक्स खोलीत गेला म्हणजे गार व्हायला लागला, असे नव्हे. खोली भरेपर्यंत पंखा बंदच असेल, तर तो सगळा वेळ थांबण्यातच धरायचा.

वेळा लिहिणारी व्यक्ती एकच असावी आणि तिच्याकडे त्या दिवशी दुसरे काम नको. मुकादमाला सांगितले तर तो संध्याकाळी अंदाजाने सगळे एकदम भरून देतो. त्यात त्याची चूक नाही, त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते.

समजा एक क्रेट सकाळी ७.१० ला कापली आणि पंखा दुपारी २.४० ला सुरू झाला. हे ४५० मिनिटे झाले. त्यात ट्रिमिंग (घडातले खराब मणी कात्रीने काढणे), वजन, पॅकिंग आणि वाहतूक धरून प्रत्यक्ष काम ५० मिनिटांचे असेल, तर उरलेली ४०० मिनिटे माल नुसता उभा होता. एका लांब कागदावर ही पट्टी काढा. कामाचा भाग हिरवा, थांबण्याचा लाल. कागद हॉलच्या दारावर लावा. पुढच्या सगळ्या चर्चा त्या लाल भागावर करायच्या.

रांग का वाढते, त्याचे गणित

रांगेतल्या वस्तूंची सरासरी संख्या भागिले तासाला निघणाऱ्या वस्तू म्हणजे सरासरी थांबण्याचा वेळ. अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी हा नियम १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केला. बँकेच्या रांगेला लागू पडतो तसाच तो क्रेटच्या थप्पीलाही लागू पडतो. हॉलमध्ये २४० क्रेट उभ्या असतील आणि टेबले तासाला १११ क्रेट उचलत असतील, तर आत्ता आलेली क्रेट सुमारे २ तास १० मिनिटे थांबणार. घड्याळ न लावता, नुसती थप्पी मोजून हे कळते.

आता दिवसाचा हिशेब मांडा. १००० क्रेट, प्रत्येकीत १२ किलो. हॉल ९ तास चालतो, म्हणजे ५४० मिनिटे किंवा ३२,४०० सेकंद. दर ३२.४ सेकंदाला एक क्रेट बाहेर पडायला हवी. एका बाईला एक क्रेट ट्रिम करायला १५ मिनिटे, म्हणजे ९०० सेकंद लागतात. ९०० भागिले ३२.४ म्हणजे २७.८, म्हणून ट्रिमिंगवर २८ जणी. कागदावर हिशेब बरोबर जुळतो, आणि तरीही दुपारी माल तुंबतो.

कारण काढणी ९ तास चालत नाही. सकाळचे दव सुकल्याशिवाय घड कापता येत नाही आणि ऊन चढल्यावर कापायचा नसतो. हातात चार तास मिळतात. १००० क्रेट चार तासांत येतात, म्हणजे तासाला २५०. टेबले उचलतात १११. दर तासाला १३९ क्रेट मागे राहतात आणि चार तासांनी ५५६ क्रेटची रांग असते. शेवटची क्रेट ५ तास थांबते. त्यात वाहतूक, पॅकिंग आणि खोली भरण्याचा वेळ मिळवला की ६ तासांची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. दिवसभराची सरासरी काढणाऱ्याला हा घोळ कधीच दिसत नाही.

यावर उपाय चार आहेत. खर्च कमी तो आधी, या क्रमाने ते घ्यावेत.

पहिला: सकाळची हॉलची ताकद वाढवा. बॉक्स उभे करणे, लाइनर (बॉक्सच्या आतली प्लॅस्टिकची पिशवी) घालणे, लेबल छापणे, पनेटचे गठ्ठे टेबलापाशी लावणे ही कामे माल यायच्या आत झालेली हवीत, आदल्या दुपारीच. सकाळी आठ ते बारा हॉलमधल्या प्रत्येक मोकळ्या हाताला कात्री.

दुसरा: ट्रिमिंगचा काही भाग प्लॉटवर न्या. तडकलेले, उन्हाने भाजलेले, बारीक मणी घड वेलीवर असतानाच, आदल्या दिवशी काढता येतात. टेबलावरचे काम १५ वरून १० मिनिटांवर आले, तर त्याच २८ जणी तासाला १६८ क्रेट उचलतील. रांग ५५६ ऐवजी ३२८ होईल आणि शेवटची क्रेट ५ ऐवजी सुमारे २ तास थांबेल. एवढा मोठा फायदा इतक्या कमी खर्चात दुसऱ्या कशानेच मिळत नाही. मात्र प्लॉटवर काम करणाऱ्यांनी घड देठानेच धरायचा हे आधी शिकवावे लागते. मण्यावरची पांढरी झाक एकदा पुसली की परत येत नाही.

तिसरा: काढणीला मर्यादा घाला. हॉल दुपारी २ पर्यंत जेवढे संपवू शकतो तेवढेच कापायचे. पक्व झालेला घड वेलीवर उद्यापर्यंत थांबू शकतो, क्रेटमध्ये थांबू शकत नाही.

चौथा: जिथे क्रेट उतरतात ती जागा गार ठेवणे. उपयोग नक्की होतो, पण गार जागा मिळाली की रांग वाढू द्यायची सवय लागते. म्हणून तो शेवटी.

रिकामी क्रेट हीच ऑर्डर

काढणीवर मर्यादा फोनवरून घालता येत नाही. टोळी प्लॉटवर पोहोचलेली असते, शेतकऱ्याला प्लॉट मोकळा करायचा असतो, आणि टोळीचा मुकादम दुसऱ्या बागेची वेळ देऊन बसलेला असतो. तिथे सूचना चालत नाही, वस्तू चालते.

प्रत्येक प्लॉटला वेळ ठरवून द्या आणि त्या वेळेपुरत्याच रिकाम्या क्रेट पाठवा. क्रेट संपल्या की काढणी आपोआप थांबते. गाडी भरून आली, तिच्यातल्या क्रेट टेबलावर चढल्या, की तेवढ्याच रिकाम्या क्रेट पुढच्या गाडीत. टोयोटाच्या कारखान्यात तैइची ओनो यांनी बसवलेले कानबान कार्ड परत आले तरच मागचा विभाग पुढचा माल बनवतो; इथे तेच काम रिकामी क्रेट करते. निराळे कार्ड छापायची गरज नाही.

दोन गोष्टींमुळे ही पद्धत फसते. शेतकऱ्याकडे गेल्या हंगामातल्या क्रेट पडून असतात आणि तो त्या भरून पाठवतो. हंगामाआधी सगळ्या क्रेट परत आणून मोजा, आणि क्रेटवरच्या पट्टीचा रंग दरवर्षी बदला. दुसरे म्हणजे, निरोप न देता अर्धी गाडी अडवून ठेवली तर त्या शेतकऱ्याचा विश्वास जातो. वेळ आदल्या संध्याकाळी सांगायची आणि पाळायची. आठवड्यातून दोनदा वेळ चुकली की पिंपळगाव-मोहाडीकडचा कुठलाही बागायतदार पुन्हा आपल्या हिशेबाने काढणी करू लागतो, आणि त्याला दोष देता येणार नाही.

अडचण पुढे सरकते

ट्रिमिंग वेगात झाले की थप्पी तिथून उठून वजनकाट्यापाशी जाते. १२ किलोच्या क्रेटमधून १० किलो माल निघतो असे धरू, म्हणजे ५०० ग्रॅमची २० पनेट. तासाला १११ क्रेट असताना २,२२० पनेट होत होती. एका पनेटला १२ सेकंद धरले तर ८ काटे पुरत होते. १६८ क्रेटला ३,३६० पनेट होतात आणि १२ काटे लागतात. ते नसतील तर ट्रिम केलेला माल उघड्या ट्रेमध्ये थांबेल. ते क्रेटमध्ये थांबण्यापेक्षा वाईट आहे, कारण कात्रीच्या ताज्या कापांमधून पाणी आणखी जाते.

म्हणून ट्रिमिंग आणि वजन यांच्या मध्ये जागाच मर्यादित ठेवा. प्रत्येक काट्यामागे फरशीवर पिवळ्या पट्टीने दोन ट्रेची चौकट आखा. चौकट भरली की मागच्या टेबलाने पुढचा घड उचलायचा नाही, त्यातल्या एकीने काट्यावर जाऊन हात द्यायचा. क्रेटमागे मजुरी असेल तर हे होणार नाही. क्रेटमागे मजुरी दिली की घाई वाढते, देठ खेचले जातात, आणि चांगले मणीही बादलीत पडतात. दिवसाचा रोज आणि सगळ्या टेबलाला मिळून बक्षीस, हे आमच्या मते जास्त टिकते.

फुकटचे वजन

पॅकहाऊसमधली सर्वात मोठी आणि सर्वात गुपचूप होणारी गळती काट्यावर आहे. लेबलवर ५०० ग्रॅम असते, पनेटमध्ये ५१८ जातात. २०,००० पनेटमध्ये जादाचे १८ ग्रॅम म्हणजे दिवसाला ३६० किलो द्राक्ष फुकट. त्यातले थोडे द्यावेच लागते, कारण वाटेत पाणी उडते. बाकीचे भीतीपोटी जाते.

भीती काढायची असेल तर आधी नियम लिहून घ्या. युरोपातल्या सरासरी वजनाच्या पद्धतीत ५०० ग्रॅमच्या पाकिटाला १५ ग्रॅमची तूट सहन केली जाते. लॉटची सरासरी ५०० च्या खाली नको, ४८५ च्या खाली शेकडा अडीचपेक्षा जास्त पाकिटे नकोत, आणि ४७० च्या खाली एकही नको. पण कित्येक खरेदीदार करारात किमान वजन मागतात, म्हणजे एकही पनेट ५०० च्या खाली नको. आपल्या करारात दोन्हीपैकी काय आहे ते वाचल्याशिवाय काट्याला हात लावू नका.

वाटेतली घट अंदाजाने धरू नका. दर आठवड्याला १० पनेट वजन करून कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवा आणि जहाजाला लागतात तितक्या दिवसांनी पुन्हा वजन करा. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली. प्रवास लांबला की जुना आकडा निकामी होतो.

आता काटा. प्रत्येक काट्यावरून दर अर्ध्या तासाला सलग ५ पनेट घ्या. ती काट्यावरून पुढे गेल्यावर पट्ट्यावरून उचलायची. समोर उभे राहून मागितली तर त्या पाच पनेटपुरते वजन अचूक होते. पाचांची सरासरी आणि सर्वात जास्त वजा सर्वात कमी, म्हणजे पल्ला, असे दोन आकडे लिहा. असे २० ते २५ गट झाले की सरासरींची सरासरी आणि पल्ल्यांची सरासरी काढा.

समजा ते ५१८ आणि १४ आले. पाचच्या गटासाठी ठरलेले गुणक आहेत: ०.५७७ आणि २.११४. सरासरीच्या मर्यादा ५१८ अधिक-उणे ०.५७७ × १४, म्हणजे अंदाजे ५१० आणि ५२६. पल्ल्याची वरची मर्यादा २.११४ × १४, म्हणजे सुमारे ३०. या मर्यादांच्या रेघा कागदावर ओढा आणि पुढच्या प्रत्येक गटाचे आकडे बिंदू म्हणून त्यावर मांडत जा. हा नियंत्रण तक्ता वॉल्टर शुहार्ट यांनी १९२४ मध्ये टेलिफोनच्या कारखान्यासाठी मांडला. बिंदू मर्यादेत असेल तर काट्यावरच्या बाईला काहीही सांगायचे नाही. बाहेर गेला तरच थांबून कारण शोधायचे. मर्यादेतल्या प्रत्येक चढउताराला ‘थोडं कमी घाल, थोडं जास्त घाल’ असे सांगत राहिले की वजन आणखी पसरते.

वजन किती पसरले आहे ते पल्ल्यातून निघते: १४ भागिले २.३२६ म्हणजे सुमारे ६ ग्रॅम. जवळजवळ एकही पनेट ५०० खाली जाऊ द्यायचे नसेल तर याच्या तिप्पट, म्हणजे १८ ग्रॅम वर लक्ष्य ठेवावे लागते. म्हणून ५१८. नुसते ‘५१० वर आणा’ असा हुकूम दिला तर कमी वजनाची पनेट जातील. आधी पसारा कमी करायचा, मग लक्ष्य खाली आणायचे.

पसारा कमी कसा करायचा? वजन पुरे करायला बाई अख्खा छोटा घड टाकते, तिथे घोळ होतो. काट्याजवळ दोन-तीन मण्यांच्या फांद्यांची एक वाटी ठेवा, ट्रिम करताना तशाच कापून घेतलेल्या. ४८५ ला मोठे तुकडे थांबवायचे आणि पुढचे वाटीतून भरायचे. पल्ला १४ वरून ८ वर आला तर पसारा ३.४ ग्रॅम होतो, लक्ष्य ५१० पुरते, आणि दिवसाला १६० किलो वाचतात.

काटा स्वतः चुकत नाही ना, हे सकाळी आणि जेवणानंतर ५०० ग्रॅमच्या प्रमाणित वजनाने तपासा. पनेटचा नवा गठ्ठा फोडला की रिकाम्या पनेटचे वजन पुन्हा शून्य करा, गठ्ठ्यागणिक ते बदलते. छताचा पंखा काट्यावर येत असेल तर आकडा नाचतो आणि बाई प्रत्येक वेळी वरचा आकडा पकडते.

प्रीकूलिंगची खोली

खोलीत १,२०० बॉक्स बसतात आणि लाईन तासाला ३३६ बॉक्स देते. पूर्ण भरल्यावरच पंखा लावायचा ठरवले तर पहिला बॉक्स साडेतीन तास तसाच पडून राहतो. खोली भरल्याचे समाधान मिळते आणि देठ सुकतो. अर्धी भरली की हवा मालातूनच जावी म्हणून थप्प्यांवर ताडपत्री ओढून पंखा लावा. विजेचे बिल थोडे वाढेल, ते वाढू द्या.

बॉक्सची भोके एका ओळीत आली नाहीत, किंवा ताडपत्रीच्या कडेने फट राहिली, की हवा मालातून न जाता बाजूने पळते. भिंतीवरचा थर्मामीटर तेव्हाही समाधानकारक आकडा दाखवतो. तपमान मण्याच्या आत सुई घालून पहायचे, आणि तेही हवा शेवटी पोहोचते त्या बाजूच्या मधल्या बॉक्समध्ये. तो मणी ४ अंशांखाली आला की खोली झाली असे समजा. यापुढे साठवण शून्य अंशाच्या आसपास.

गार झालेला बॉक्स सल्फर डायऑक्साइडचे पॅड (बुरशी रोखणारा वायू हळूहळू सोडणारा कागद) घालायला गरम हॉलमध्ये आणणे ही फार महाग पडणारी चूक आहे. मण्यांवर पाणी सुटते, ओलाव्याने पॅडमधला वायू एकदम बाहेर पडतो, आणि देठापाशी मणी पांढरे पडतात. दोष पॅडच्या कंपनीला दिला जातो. पॅड घालणे आणि लाइनर बंद करणे गार खोलीच्या लगतच्या थंड जागेतच झाले पाहिजे.

बादलीत काय पडले

दोष शोधायला तयार बॉक्स उघडण्याआधी टेबलाखालची बादली पहा. प्रत्येक प्लॉटच्या बादलीतले ५ किलो मणी घेऊन ढीग लावा: तडकलेले, भाजलेले, बारीक, कुजलेले, आणि चांगले. शेवटचा ढीग मोठा असेल तर दोष प्लॉटचा नाही, कात्रीचा किंवा शिकवण्याचा आहे. पहिले दोन ढीग मोठे असतील तर आकडा त्याच दिवशी शेतकऱ्याला कळवा. कोणता मणी काढायचा हे टेबलावरच्या बायकांना तक्ता लिहून नव्हे, फोटो लावून शिकवा. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या आणि उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेल्या, दोघींनाही फोटो सारखाच कळतो.

काही दोष मात्र बादलीत कधीच दिसत नाहीत. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या फळात उरलेल्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली. ती दिसायला उत्तम होती. अंशाचा अहवाल हातात येईपर्यंत त्या प्लॉटला रिकामी क्रेटच पाठवायची नाही.

कात्र्यांना नंबर घाला, सकाळी मोजून द्या, संध्याकाळी मोजून घ्या. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक कात्रीची आकृती रंगवली की कमी असलेली लगेच दिसते. पनेटमध्ये कात्रीचा तुकडा गेला तर अख्खा कंटेनर परत येऊ शकतो.

प्लॉट बदलताना

एका प्लॉटचा माल संपून दुसरा सुरू होताना पट्टा रिकामा करणे, लेबल बदलणे, झाडणे यात वेळ जातो आणि लेबलची अदलाबदल इथेच होते. जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी मोठ्या प्रेसचा साचा बदलण्यासाठी जो प्रश्न विचारला तोच विचारा: यातले काय लाईन चालू असतानाच करता येईल? लेबल आधी छापून कुलपाच्या डब्यात, रिकाम्या बादल्या तयार, पुढच्या प्लॉटची पहिली क्रेट दारात. जुनी लेबले मोजून परत घेतल्याशिवाय नवी द्यायची नाहीत.

बदल उपयोगी पडला का

काल आणि आज यांची तुलना करू नका. दोन प्लॉटमधला फरक दोन पद्धतींमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. एकाच गाडीतल्या क्रेट आळीपाळीने दोन टेबलांवर द्या, एका टेबलावर जुनी पद्धत, दुसऱ्यावर नवी. दुसऱ्या दिवशी टेबले बदला. तीन दिवसांत उत्तर मिळते. एका वेळी एकच बदल. रोज सकाळी माल यायच्या आधी फळ्यासमोर दहा मिनिटे उभे राहून कालची रांग, पल्ला आणि पंखा सुरू होण्याची वेळ वाचायची. बसून केलेली सभा तासभर चालते.

हंगाम संपला की प्रत्येक प्लॉटची बादलीची नोंद एका पानावर उतरवा आणि एप्रिलमधल्या खरड छाटणीच्या आधी त्या शेतकऱ्याच्या हातात द्या.